झाडाखालची जमीन

आषाढातल्या पावसाचा एक थेंब मनात धरा. एकच. भीमाशंकरच्या रानावर ढगातून सुटलेला, अजून खाली येत असलेला. त्याला पोचायला वेळ आहे. तोवर तुम्ही नीट बसून घ्या. पाठ टेकवा, खांदे सैल सोडा, श्वास जसा चाललाय तसा चालू द्या.

आता थेंब पहिल्यांदा कुठे टेकतो ते बघा. एखाद्या जुन्या जांभळाच्या सगळ्यात वरच्या पानावर. तिथे तो क्षणभर अडतो, पानाच्या टोकाशी जमतो, खालच्या पानावर ठिबकतो. तिथून फांदीवर, फांदीवरून खोडाच्या सालीवर, आणि शेवटी पाचोळ्यातून वाट काढत मातीवर. या प्रवासातली दोनच ठिकाणं जवळ ठेवा, बाकीची सोडून द्या. ज्या पानाला तो आधी टेकला ते पान, आणि ज्या मातीवरून तो पुढे वाहायला लागला ती माती. नकाशावर दोघांचा पत्ता एकच आहे: तेच अक्षांश, तेच रेखांश. उंची तेवढी वेगळी. पान समुद्रसपाटीपासून समजा 962 मीटरवर आहे, माती 947 वर. एकाच जागेला दोन उंची. यावर थोडं थांबा.

मग हाच पाऊस सगळीकडे पडू द्या. रानावर, गावावर, शहरावर. प्रत्येक थेंब जिथे आधी टेकतो तो बिंदू धरा आणि असे सगळे बिंदू एकमेकांना जोडा. झाडांचे शेंडे, कौलं, गच्च्या, गच्च्यांवरच्या टाक्या, उसाचे तुरे, विजेचे मनोरे, आणि मध्येमध्ये उघडा कातळ. हे जे चढउतारांचं रूप तयार झालं त्याला नकाशा करणारे डिजिटल सरफेस मॉडेल म्हणतात, बोलताना डीएसएम. आता पाणी जिथून वाहायला लागतं ते बिंदू जोडा. झाडं गेली, घरं गेली, उरला तो मातीचा आणि खडकाचा आकार. हे डिजिटल टेरेन मॉडेल, डीटीएम. उघड्या माळरानावर दोन्ही एकमेकांवर तंतोतंत बसतात. रानात आणि वस्तीत ती एकमेकांपासून सुटतात. आणि डीईएम, म्हणजे डिजिटल एलिव्हेशन मॉडेल, हे नाव दोघांनाही सरसकट लावलं जातं. उंचीची फाईल उघडणाऱ्याला आपल्या हातात पान आहे की माती हे त्या नावावरून कळत नाही. पुढच्या बऱ्याच चुकांचं मूळ या न कळण्यात आहे.

घाईने खाली उतरू नका. आधी वरच राहू.

उन्हाला विचारा. ऊन जांभळाच्या खालच्या मातीला ओळखत नाही. त्याचा सगळा व्यवहार शेंड्यांशी आणि छपरांशी. गच्चीवर सौर पॅनेल बसवायचं असेल तर शेजारच्या इमारतीची सावली दुपारी तीन वाजता कुठवर येते हे पृष्ठभागच सांगेल. वारा त्याच्यावरूनच घासत जातो. उतरणारं विमान, मोबाईलच्या मनोऱ्यावरून निघालेली लहर, घार, या सगळ्यांचं जग पृष्ठभागाचं आहे. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावागावांच्या मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखल्या जातात, मग ड्रोन गावठाणावरून फिरत एकमेकांवर चढलेली छायाचित्रं घेतो. एकच कोपरा दोन वेगळ्या कोनांतून टिपला गेला की त्याची उंचीही काढता येते. पडवी कुठे संपते, बोळ कुठे सुरू होतो, छपराची वळचण कुणाच्या अंगणात येते, हे त्या मोजणीला हवं असतं. तिथे घरं काढून टाकलेली कोरी जमीन कुणाच्याच कामाची नाही.

इथे आपल्या मनाला एक जुनी सवय आड येते. वरचं ते आवरण, आतलं ते खरं. झाडं-घरं ही माया, आणि ती बाजूला सारली की मूळ सत्य हाती लागतं, असं वाटायला लागतं. ते वाटणं आलं असेल तर त्याला येऊ द्या, आणि मग जाऊ द्या. जांभूळ हा मातीवरचा पडदा नव्हे. शेंड्यावर घरटं करणाऱ्या पक्ष्याला 962 हीच खरी उंची आहे, आणि मुळाशी बीळ करणाऱ्या उंदराला 947. दोन्ही आकडे मोजता येतात, दोन्ही चुकू शकतात. दोघांत थोरला-धाकटा ठरवायची गरज नाही. ज्याला जे विचारायचं आहे त्यावर कोणता घ्यायचा ते ठरतं.

याचा सगळ्यात उंच दाखला एव्हरेस्टवर आहे. 8848 मीटर हा आकडा आपण शाळेत पाठ केला. 1955 च्या सुमारास भारतीय सर्वेक्षण विभागाने तो दिला. पण 8848 मीटरवर काय आहे? बर्फ. 2005 साली चिनी मोजणीदारांनी शिखरावर रडार नेऊन बर्फाची जाडी मोजली. ती साडेतीन मीटर भरली. त्यांनी खडकाची उंची जाहीर केली: 8844.43 मीटर. नेपाळचं म्हणणं होतं की माणूस उभा राहतो तो बर्फावर, तेव्हा उंची बर्फाचीच धरायची. वाद काही वर्षं चालला. पुढे डिसेंबर 2020 मध्ये दोन्ही देशांनी मिळून 8848.86 हा आकडा मान्य केला, तो बर्फाच्या माथ्याचा. जगातली सगळ्यात प्रसिद्ध उंची ही पृष्ठभागाची उंची आहे. त्या शिखरावर क्षणभर मनाने उभे राहा. पायाखाली बर्फ. त्याखाली, दोन पुरुष खोल, खडक. दोन्ही एव्हरेस्टच.

आता खाली उतरू. आणि उतरताना एक गोष्ट सतत जवळ ठेवा: पृष्ठभाग दिसतो, जमीन शोधावी लागते.

कॅमेऱ्याचं बघा. कार्टोसॅट-1 हा भारताचा उपग्रह 5 मे 2005 रोजी सुटला. त्याच्यावर दोन कॅमेरे होते, एक 26 अंश पुढे कललेला, दुसरा 5 अंश मागे, म्हणजे एकाच फेरीत तीच जागा दोन कोनांतून टिपायची. त्यातून देशाच्या उंचीचा नकाशा तयार झाला. पण कॅमेऱ्यात प्रकाश येतो तो पानावरून परतलेला. दाट रानात कॅमेऱ्याला माती दिसणारच नाही. त्याने दिलेली उंची शेंड्यांच्या आसपासची असणार. यात दोष कुणाचा नाही. नजर जिथे अडते तिथेच मोजणी थांबते.

मग फटी शोधायच्या. भर दुपारी झाडाखाली उभे आहात असं समजा आणि मातीकडे बघा. कवडसे पडलेत. प्रत्येक कवडसा म्हणजे आकाशापासून मातीपर्यंतची एक मोकळी सरळ वाट. विमानातून लेझर सोडणारं यंत्र, लिडार, याच वाटांच्या भरवशावर काम करतं. सेकंदाला लाखो स्पंदनं सोडायची. बहुतेक पानांवर आपटतील. काही फटींतून सटकून मातीपर्यंत जातील.

त्यातल्या एका स्पंदनाबरोबर चला. विमान हजार मीटर उंचीवर आहे. स्पंदन निघालं, खाली गेलं, परत आलं. या जाण्यायेण्याला सेकंदाचा दीड लाखावा भाग लागतो. एवढ्याशा वेळात तुमचा श्वास हललाही नाही. पण घड्याळ इतकं बारीक आहे की सेकंदाच्या अब्जाव्या भागातला फरकही त्याला कळतो, आणि त्या एका अब्जांशात उंचीचे 15 सेंटिमीटर मावतात. स्पंदन खाली पोचेपर्यंत वीत-दोन वीत रुंद झालेलं असतं. त्याचा एक तुकडा शेंड्यावरच्या पानाला लागून परततो. ही पहिली परतफेड. उरलेला पुढे जातो, मधल्या फांदीवरून दुसरा तुकडा परततो. त्यातूनही काही उरलंच तर ते खाली जातं आणि मातीवरून शेवटची परतफेड येते. एकाच स्पंदनाने थेंबाचा सगळा प्रवास सांगितला: पान, फांदी, माती.

इतकं सरळ असतं तर इथेच थांबता आलं असतं. पहिल्या परतफेडी जोडल्या की पृष्ठभाग, शेवटच्या जोडल्या की जमीन. पण शेवटची परतफेड मातीचीच असते असं नाही. करवंदीच्या जाळीत स्पंदन संपून जातं आणि जाळीलाच शेवट म्हणतं. सदाहरित रानात शंभरातली कितीतरी स्पंदनं वरच्या छतातच विझतात. म्हणून पानझडीच्या रानात मोजणी करायची तर पानं गळाल्यावर करतात. माघ-फाल्गुनात सागाचं रान उघडं पडतं, तेव्हा कवडसेही मोठे होतात आणि मातीही जास्त बोलते.

आता कोट्यवधी बिंदू हवेत तरंगताहेत असं डोळ्यांपुढे आणा. रंग नाही, नाव नाही, फक्त जागा आणि उंची. यातले मातीचे कुठले? हे कुणीतरी ठरवायचं आहे. लिडारच्या फायलीत प्रत्येक बिंदूला वर्ग देण्याची रीत आहे: 2 म्हणजे जमीन, 3, 4 आणि 5 म्हणजे बुटकी, मध्यम आणि उंच झाडी, 6 म्हणजे इमारत, 9 म्हणजे पाणी. हे आकडे बिंदूंवर लिहून येत नाहीत. ते द्यावे लागतात.

देण्याचा एक मार्ग मला फार आवडतो. 2016 साली चिनी संशोधकांनी तो मांडला. सगळे बिंदू उलटे करायचे, जमीन वर आणि शेंडे खाली. मग त्या उलट्या जगावर संगणकातलं एक कापड टाकायचं. कापड आपल्या वजनाने खाली येतं आणि ज्या बिंदूंवर टेकतं ती जमीन. झाडं आणि घरं त्या कापडाखाली खळग्यांसारखी लोंबत राहतात. कापड तिथवर जात नाही. हे कापड मनात टाकून बघा. हळू. ते खाली येतंय, डोंगररांगेच्या उलट्या आकाराला बिलगतंय.

कापड किती ताठ घ्यायचं हे मात्र माणूस ठरवतो. फार ताठ घेतलं तर ते सुळक्याच्या टोकापर्यंत वाकत नाही, आणि सह्याद्रीतला शंभर फुटी सुळका इमारतीसारखा छाटला जातो. फार सैल घेतलं तर ते घराच्या छपरालाही जाऊन चिकटतं, आणि अख्खी चाळ जमीन होऊन बसते. पठारी मुलखाला एक ताठपणा, कड्याकपारींना दुसरा. सह्याद्रीत तर एकाच चौरस किलोमीटरात दोन्ही हवेत. म्हणून शेवटी कुणीतरी पडद्यासमोर बसून आडवे छेद काढत, एकेक शंकेची जागा हाताने तपासत राहतं. त्या माणसाचं नाव नकाशावर नसतं. त्याच्या डोळ्यांवर पुढच्या सगळ्या गणितांचा भार असतो.

आता त्याहून अवघड जागी या. तुम्ही आत्ता बसला आहात ते घर. छपरावर थेंब पडतो, पन्हाळीतून जातो, अंगणात किंवा गटारात उतरतो. घराखालच्या मातीवर तो कधीच पडत नाही. लेझरही पडत नाही. छपराला कवडसा नसतो. मग डीटीएममध्ये तुमच्या घराच्या जागी जी उंची लिहिलेली असते ती आली कुठून? चारी बाजूंच्या मोकळ्या जमिनीच्या उंचीवरून आत ओढलेली. पूर्वेला 12.4, पश्चिमेला 12.0, तर मध्ये बाराच्या वर थोडं, असं. तो अंदाज आहे. चांगला, हिशेबी, बहुतेक वेळा पुरेसा, पण अंदाज. दाट शहरात, जिथे घराला घर लागून आहे, तिथे अशा अंदाजांचे मोठे तुकडे एकमेकांना जोडलेले असतात. नकाशा सगळीकडे सारख्याच गुळगुळीतपणाने रंगवलेला असतो, म्हणून मोजलेलं कुठे संपलं आणि मानलेलं कुठे सुरू झालं ते नजरेला कळत नाही. तुमच्या पायाखालच्या फरशीचा गारवा जाणवू द्या. तिच्याखाली जमीन आहे याची खात्री आहे. तिची उंची आकाशातून कुणी पाहिलेली नाही.

आणखी एक पायरी उतरा. जमीन म्हणजे काय, हे तरी ठरलेलं आहे का?

कोकणातल्या उतारावरची भाताची खाचरं घ्या. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या खणून, बांध घालून केलेल्या त्या पायऱ्या. त्या जमीन आहेत की बांधकाम? डीटीएम त्यांना जमीन मानतं. रेल्वेचा भराव? तोही जमीन. भरावावरचं स्टेशन? इमारत, काढून टाका. पूल? काढा, कारण त्याच्याखाली हवा आहे. आणि ज्या रस्त्याच्या पोटातून मोरी जाते तो रस्ता? अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियमावलीत पूल काढायचे आणि मोरीवरचे रस्ते ठेवायचे असं लिहिलं आहे. ठरवलेला नियम आहे तो. दुसरा ठरवता आला असता.

यातलं काय ठेवलं आणि काय काढलं याचा हिशेब पाणी मागतं. मिठी नदीकाठी या. विहार आणि पवईच्या तलावांखालून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी ही नदी वाटेत कितीतरी पुलांखालून आणि विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. असं पाणी संगणकात पुन्हा वाहवून बघायचं असेल, कुठे तुंबेल ते पाहायचं असेल, तर त्याला वाहायला जमीन द्यावी लागते. त्याला डीएसएम दिलं तर प्रत्येक पूल नदीत आडवी उभी केलेली भिंत होतो आणि पाणी पुलामागे साठत राहतं. डीटीएम दिलं तर पूल गेले, पण धावपट्टी जमिनीत मोजली गेली असेल, आणि तिच्याखालून जाणारी नदी गणितात तिथेच संपेल. तेव्हा कुणीतरी मुद्दाम जाऊन तिथे वाट कोरावी लागते. गटारं, मोऱ्या, नाले एकेक करून. पुराचा खरा नकाशा करणारे लोक या कामात महिने घालवतात, आणि ते महिने कुठल्याही रंगीत नकाशात दिसत नाहीत. मला या कामाबद्दल फार आदर वाटतो. पाण्याला गणितातही खरी वाट मिळावी म्हणून कुणीतरी शहराची एकेक मोरी शोधत बसलेलं असतं.

इथे थोडं थांबा. श्वासाकडे एकदा लक्ष द्या, मग पुढे.

झाडं काढली की उरते ती कोरी निसर्गदत्त जमीन, असं अजूनही वाटत असेल तर कंबोडियात चला. 2012 साली डेमियन एव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरला लिडार लावून अंकोर आणि आसपासच्या सुमारे 370 चौरस किलोमीटरची मोजणी केली. त्यात नोम कुलेनच्या डोंगरावरचं दाट रानही होतं. रानाचे बिंदू बाजूला काढले आणि खालच्या मातीत महेंद्रपर्वत या जुन्या नगराचे सरळ रस्ते, बांध, तळी, चौथरे आखल्यासारखे दिसायला लागले. दगडी देवळं आधीही माहीत होती. लोकांची घरं लाकडाची होती, ती कधीच कुजून गेली. पण घर ज्या मातीच्या उंचवट्यावर बसवलं होतं तो उंचवटा राहिला, रानाच्या तळाशी, गुडघाभर उंचीचा. चालत जाणाऱ्याच्या पायाला तो कळलाही नसता.

म्हणजे जिला आपण उघडी जमीन म्हणतो तिच्यात माणसाचे हात रुजलेले आहेत. मातीचे बिंदू निवडण्याचा नियम जरा जास्त कडक घेतला असता तर ते चौथरे पुसले गेले असते. बाराशे वर्षांपूर्वीचं अंगण कुणा एकाने ठरवलेल्या नियमाच्या आकड्यावर टिकलं. हे मला थरारक वाटतं, आणि थोडं भीतीदायकही.

विमान सगळीकडे जाऊ शकत नाही. सगळ्या पृथ्वीची उंची घ्यायची तर अंतराळातून, आणि ढगांतून पार जायचं तर रडारने. रडारच्या लहरींची लांबी वाढवत नेऊ आणि प्रत्येक लहर रानात किती खोल जाते ते बघू. 3 सेंटिमीटरची लहर शेंड्यांच्या पानांतच अडकते. जवळजवळ साडेपाच सेंटिमीटरची थोडी आत शिरते. फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर यानाने 60 मीटर लांब दांडा बाहेर काढून, दोन टोकांना दोन अँटेना ठेवून, 11 दिवसांत पृथ्वीवरच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. ती याच लहरीने. एसआरटीएम म्हणून ती माहिती जगभर वापरली गेली, अजून वापरली जाते. तिच्यातली रानातली उंची ना शेंड्याची, ना मातीची. मधलीच कुठलीतरी, पानांच्या दाटीवर अवलंबून. आणखी लांब, 24 सेंटिमीटरची लहर फांद्यांपर्यंत जाते. 70 सेंटिमीटरची लहर पानांना जुमानतच नाही. तिला खोडं दिसतात आणि माती दिसते. युरोपचा बायोमास उपग्रह एप्रिल 2025 मध्ये ती लहर घेऊन वर गेला. पानापासून मातीपर्यंतचं अंतर हा त्याचा एक मुख्य विषय, कारण पृष्ठभागातून जमीन वजा केली की झाडाची उंची उरते, आणि उंचीवरून रानाने किती कार्बन साठवला आहे याचा अंदाज येतो. आपली दोन आकड्यांमधली वजाबाकी, 962 उणे 947, इथे सगळ्या पृथ्वीची होते.

एसआरटीएमच्या मधल्या उंचीकडे परत येऊ, कारण तिची किंमत किनाऱ्यावर मोजावी लागते. ठाण्याच्या खाडीकाठचं कांदळवन डोळ्यांपुढे आणा. तिवरांची दाट हिरवी पट्टी, खाली चिखल, भरतीला पाण्यात बुडणारी मुळं. आकाशातून मोजणाऱ्याला हिरवी पट्टी लागते आणि तो काही मीटर उंची लिहितो. चिखल प्रत्यक्षात भरतीच्या पातळीवर आहे. किनाऱ्यावरच्या वस्तीचंही तेच: छपरांनी जमीन उचलून धरलेली दिसते. मुंबईत पावसाळ्यात साडेचार मीटरांहून मोठ्या भरतीचे इशारे दिले जातात. (हे आकडे भरतीच्या कोष्टकातल्या शून्यापासून असतात, समुद्रसपाटीपासून नव्हे, नकाशाशी ताडून बघणाऱ्याने ते ध्यानात ठेवावं.) अशा जागी दोन-तीन मीटरची चूक म्हणजे ओलं आणि कोरडं यांची अदलाबदल.

2019 साली स्कॉट कल्प आणि बेंजामिन स्ट्रॉस यांनी एसआरटीएममधली ही चूक संगणकाला शिकवून कमी केली आणि पुन्हा हिशेब केला. उत्सर्जन कमी ठेवलं तरी 2100 साली भरतीच्या रेषेखाली जाईल अशा जमिनीवर आज 19 कोटी माणसं राहतात, असं उत्तर आलं. जुन्या उंचीने निघणाऱ्या आकड्याच्या ते तिप्पट होतं. समुद्र तेवढाच, माणसंही तेवढीच. शेंड्यांची आणि छपरांची उंची जमिनीच्या नावाने वाचली जात होती, एवढाच फरक. या आकड्याजवळ जरा बसा. 19 कोटी. त्यातली पुष्कळ आशियाच्या किनाऱ्यांवर, आपल्यासारखीच रात्री दार लावून झोपणारी. पुढे 2022 मध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी जगभराच्या उंचीतून रानं आणि इमारती वजा करून फॅबडेम नावाचा संच केला. पुराचं गणित करणाऱ्यांना तो आधार झाला. तोही अंदाजच, आधीपेक्षा जवळचा.

आता शेवटच्या जागी न्यायचं आहे. ती भीमाशंकरहून फार दूर नाही.

आंबेगाव तालुक्यातलं माळीण. 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगर गावावर आला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. नंतर 2021 च्या जुलैत तळिये, 2023 च्या जुलैत इर्शाळवाडी. तिन्ही वेळा आषाढ-श्रावणाचा पाऊस, तिन्ही वेळा डोंगराच्या कुशीतली वस्ती. दरड कोसळायला पाऊस लागतो, मुरलेलं पाणी लागतं, मातीचा थर लागतो, आणि उतार लागतो. उतार मोजायचा तो मातीचा. रानाच्या शेंड्यांवरून काढलेला उतार फसवतो: रान जिथे संपतं तिथे नसलेला कडा दिसतो, आणि झाडीत दडलेली घळ भरून निघालेली दिसते. जुन्या दरडीची जागा, मागचा अर्धगोल तुटका कडा आणि पुढे पसरलेला माल, झाडी वाढली की डोळ्याला कळत नाही. मातीच्या मॉडेलवर ती कळते.

माळीणच्याच वर्षी, 22 मार्च 2014 ला, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ओसो इथे दरड कोसळून 43 माणसं दगावली. तिथल्या दाट रानाच्या खोऱ्याचं लिडार चित्रण आधीच झालेलं होतं. रान काढून टाकलेल्या त्या चित्रात नदीच्या दोन्ही काठांवर जुन्या दरडींच्या खुणा एकाला लागून एक दिसतात. जमीन दिसली होती. घरंही तिथेच होती. हे दोन्ही एकत्र मनात धरणं जड आहे. धरा तरीही, थोडा वेळ.

30 जुलै 2025 ला, माळीणला अकरा वर्षं झाली त्याच तारखेला, श्रीहरिकोटाहून निसार उपग्रह सुटला. इस्रो आणि नासा यांचा तो एकत्रित प्रकल्प. त्याच्या एका रडारची लहर 24 सेंटिमीटरची, म्हणजे झाडीतून बऱ्यापैकी आत जाणारी. दर 12 दिवसांनी तो तीच जागा पुन्हा बघतो आणि जमीन सेंटिमीटरभर सरकली तरी ते त्याला कळू शकतं. पण त्या सरकण्याचा हिशेब करताना आधी जागेच्या उंचीमुळे आलेला फरक वजा करावा लागतो, आणि त्यासाठी उंचीचं मॉडेल आधी हाताशी असावं लागतं. जमीन हलली हे सांगायला जमीन कुठे होती हे माहीत असावं लागतं.

म्हणून मला मनापासून वाटतं की सह्याद्रीतल्या ज्या ज्या उतारांखाली घरं आहेत, त्यांची मातीपर्यंतची मोजणी व्हावी. पानगळीच्या दिवसांत विमान उडवून, कड्यांना कड्यांचा ताठपणा देऊन, शंकेच्या जागा हाताने तपासून. आणि ते नकाशे गावच्या ग्रामसभेत, तिथल्या माणसांना वाचता येतील असे, टांगले जावेत. मोजलेलं कुठलं आणि अंदाजाने भरलेलं कुठलं हेही त्यावर वेगळ्या रंगात दाखवलेलं असावं.

आता तुमच्या ओळखीचा एक उतार आठवा. आजोळचा, सासरचा, सहलीत पाहिलेला, कुठलाही, फक्त त्याच्या पायथ्याशी घरं असावीत. त्यावरची झाडी डोळ्यांपुढे आणा आणि तिची उंची ठरवा, पुरुषभर, दोन पुरुष, जी वाटेल ती. ती उंची बाजूला काढून ठेवा. आता त्या झाडीखालच्या मातीचा आकार आठवून बघा: कुठे फुगलीय, कुठे खचलीय, ओढा कुठून सुरू होतो, कुठल्या बांधाला पावसाळ्यात तडा जातो. जेवढं आठवेल तेवढंच. जे आठवणार नाही ते तिथे राहणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला, पुढच्या वेळी गेलात की विचारा.